लेवी बॉडी डिमेन्शिया आणि घरातली वही

भीमा, मुळा-मुठा आणि घोड या नद्यांच्या काठाने पसरलेल्या दौंड व शिरूर तालुक्यांत उतारवयातल्या माणसाचे वागणे बदलले की त्यासाठी ‘म्हातारचळ’ हा एकच शब्द पुरेसा मानला जातो. या शब्दाखाली कितीतरी वेगवेगळे आजार झाकले जातात आणि त्यांतला एक असा आहे की, त्याचे नाव माहीत नसेल तर रुग्णाचे नुकसान आजाराइतकेच चुकीच्या औषधानेही होऊ शकते. तो आजार म्हणजे लेवी बॉडी डिमेन्शिया. हा आजार पूर्ण बरा करणारे औषध आज जगात कोठेही नाही. तरीही त्याचे नाव वेळेवर कळणे, ते नाव घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असणे आणि रुग्णाला जेथे जेथे नेले जाईल तेथे ते कागदावर लिहिलेले दाखवता येणे, एवढ्यानेही त्याचे अनेक हाल टळतात. प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः याच गोष्टीकडे आहे.

काही डॉक्टर या आजाराच्या नावाचा उच्चार ‘लुई बॉडी’ असा करतात. दोन्ही नावे एकाच आजाराची आहेत. फ्रिडरिख लेवी या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांच्या मेंदूचा अभ्यास करताना पेशींच्या आत साचलेल्या गोलसर पुंजक्यांचे वर्णन केले आणि पुढे त्या पुंजक्यांना त्याचेच नाव मिळाले. हेच पुंजके मेंदूच्या बाह्य आवरणातही पसरलेले असतात आणि त्यांतून एक स्वतंत्र प्रकारचा बुद्धिऱ्हास उद्भवतो, हे जपानच्या केंजी कोसाका यांनी १९७६ पासून दाखवून दिले. हे पुंजके मुख्यतः अल्फा-सिन्युक्लिइन नावाच्या प्रथिनाचे असतात, ही गोष्ट १९९७ मध्ये स्पष्ट झाली. प्रथिन तेच, पण ते मेंदूच्या कोणत्या भागात आधी साचते त्यावर आजाराचे रूप ठरते: हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या खोल भागात आधी साचले तर प्रथम कंपवात दिसतो, आणि अवधान, दृष्टीचा अर्थ लावणे व विचार यांच्याशी संबंधित भाग आधी बाधित झाले तर प्रथम बुद्धिऱ्हास दिसतो. कंपवात वर्षानुवर्षे जुना असून नंतर बुद्धी मंदावली तर डॉक्टर त्याला कंपवाताचा डिमेन्शिया म्हणतात. बुद्धिऱ्हास आधी किंवा कंपवात दिसू लागल्यापासून वर्षभराच्या आत आला तर लेवी बॉडींचा डिमेन्शिया म्हणतात. हा भेद संशोधकांना उपयोगी असला तरी घरच्या देखभालीत त्याने फारसा फरक पडत नाही.

डिमेन्शियाला मराठीत ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द रूढ झाला आहे आणि तोच या आजाराच्या बाबतीत थोडी दिशाभूल करतो. अल्झायमरमध्ये विसरणे हे पहिले लक्षण असते. येथे मात्र सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असू शकते आणि बिघडते ते अवधान, कामाची जुळवाजुळव आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज. कोणत्या गटात किती गुंठे ऊस आहे आणि उचल कोणाकडे किती बाकी आहे हे बिनचूक सांगणारा माणूस सदऱ्याची बटणे वरखाली लावतो, ओट्याची पायरी चुकतो, पाण्याचा तांब्या टेबलाच्या कडेबाहेर ठेवतो. ‘यांना सगळे आठवते, मग डिमेन्शिया कसला?’ असा प्रश्न त्यामुळे घरातच उभा राहतो. त्यातच या आजाराचे आणखी एक ठळक लक्षण म्हणजे चढउतार. सकाळी नीट बोलणारा, हिशेब सांगणारा माणूस दुपारी शून्यात पाहत बसतो, हाक मारली तरी ओ देत नाही, तासन्तास झोपतो आणि संध्याकाळी पुन्हा ताळ्यावर येतो. हा खेळ कधी काही मिनिटांचा तर कधी काही दिवसांचा असतो. अशा वेळी ‘सोंग करतात’, ‘पाहुणे आले की बरे नीट बोलता येते’ असे आरोप रुग्णावर होतात. हा चढउतार मेंदूतील जागृतीच्या यंत्रणेतील बिघाडाने होतो, रुग्णाच्या इच्छेने नव्हे, ही गोष्ट कुटुंबाने मनाशी पक्की करणे ही सेवेची सुरुवात होय. कारण ज्याच्यावर ढोंगाचा संशय असतो त्याची सेवा कोणाच्याही हातून मनापासून होत नाही.

दुसरे ठळक लक्षण म्हणजे नसलेल्या गोष्टी दिसणे. हे भास बहुधा स्पष्ट आणि तपशीलवार असतात: अंगणात खेळणारी लहान मुले, खाटेखाली बसलेले मांजर, कोपऱ्यात मुकाट उभा असलेला अनोळखी माणूस. ते पुन्हापुन्हा दिसतात आणि अनेकदा रुग्णाला त्यांची भीतीही वाटत नाही. मृत नातेवाईक दिसू लागले की घरात बाहेरच्या बाधेची चर्चा सुरू होते आणि उपचाराचे पहिले काही महिने देवऋषाच्या दारात जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घरच्यांचा देवाधर्मावर विश्वास असला तरी त्याच्या आड उपचार थांबवण्याचे काही कारण नाही. नैवेद्य आणि औषध ही दोन्ही एकाच घरात चालू शकतात. भासांशी वागण्याची रीत मात्र शिकावी लागते. ‘तिथे कोणी नाही, उगाच काहीतरी बोलू नका’ असे दरडावल्याने भास जात नाहीत, फक्त रुग्ण बोलायचे बंद करतो. उलट, नसलेल्या मुलांना हाकलण्याचे नाटकही करू नये. ‘आबा, मला ती पोरं दिसत नाहीत, पण तुम्हाला दिसतायत हे खरं. चला, आपण ओसरीवर बसू,’ एवढे शांतपणे म्हणून जागा आणि विषय बदलावा. शिरूर तालुक्याच्या बाबतीत येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे: या भागातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर खरोखरच आहे, त्यामुळे गोठ्याजवळ बिबट्या पाहिल्याचे रुग्णाने सांगितले तर ते भास म्हणून उडवून न लावता आधी बॅटरी घेऊन सुरक्षित अंतरावरून खात्री करावी.

काही रुग्णांना जवळचे माणूस ओळखीचे दिसते पण खरे वाटत नाही. ‘ही माझी बायको नव्हे, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणी आहे’ असे ते ठामपणे म्हणतात. पानिपतानंतरच्या काळातील तोतयाची गोष्ट ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही अवस्था एका शब्दात कळेल. चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला हे ऐकणे किती जिव्हारी लागत असेल, याची कल्पना इतरांनी ठेवावी. चेहऱ्याची ओळख ढासळली तरी आवाजाची ओळख पुष्कळदा टिकते. म्हणून अशा वेळी खोलीबाहेर जावे आणि समोर येण्याआधी बाहेरूनच बोलत बोलत आत यावे.

तिसरे लक्षण झोपेतले आणि चौथे चालण्यातले. स्वप्न पडत असताना निरोगी माणसाचे स्नायू सैल पडलेले असतात. या आजारात तो लगाम सुटतो आणि माणूस स्वप्नातल्याप्रमाणे ओरडतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्याला मारतो, खाटेवरून पडतो. हे लक्षण बुद्धिऱ्हासाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होऊ शकते, आणि ते सर्वांत आधी कळते ते पत्नीला; म्हणून डॉक्टरांसमोर तिला बोलू द्यावे. अनेक देशांतील झोपेच्या दवाखान्यांनी मिळून केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,२८० रुग्णांच्या अभ्यासात, झोपेची तपासणी करून हे लक्षण निश्चित झालेल्या माणसांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना बारा वर्षांच्या अवधीत कंपवात, डिमेन्शिया किंवा त्याच कुळातील आजार झाल्याचे दिसले. चालण्यात कंपवाताची लक्षणे येतात: पावले आखूड पडतात, अंग ताठ होते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, तोल जातो, हाताचा कंप मात्र असेलच असे नाही. याखेरीज बद्धकोष्ठता, लघवीवरचा ताबा जाणे, वास न येणे आणि उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येणे या तक्रारीही याच आजाराच्या असू शकतात.

निदानाची वाट गावातल्या डॉक्टरांपासून सुरू होऊन बहुधा पुण्यातील मेंदूविकारतज्ज्ञांपर्यंत, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टपर्यंत, जाते. निदान मुख्यतः लक्षणांच्या इतिहासावरून होते. रक्तातील बी १२ जीवनसत्त्व, थायरॉईड, साखर आणि क्षार यांच्या तपासण्या व मेंदूचा सीटी किंवा एमआरआय या गोष्टी आधी केल्या जातात त्या इतर, विशेषतः बरी होऊ शकणारी, कारणे वगळण्यासाठी. एमआरआय साधारण आहे म्हणजे आजार नाही, असा अर्थ काढू नये. शंका उरल्यास मेंदूतील डोपामिन यंत्रणेचे चित्र दाखवणारी तपासणी, जी भारतात ट्रोडॅट स्कॅन या नावानेही केली जाते, उपयोगी पडते. परंतु लक्षणे स्पष्ट असतील तर प्रत्येकाला तिची गरज नसते, आणि ती खर्चिक असल्याने ‘या तपासणीने उपचारात काय बदलेल?’ हे विचारूनच ती करावी. या टप्प्यावर ग्रामीण कुटुंबांची दोन प्रकारे फसगत होते. पहिली अशी की, घड्याळ काढणे किंवा एकमेकांत अडकलेले पंचकोन काढणे यांसारख्या चाचण्या कधी पाटी-पेन्सिलही हातात न धरलेल्या बाईला दिल्या जातात आणि निकाल आजाराचा आहे की शाळेच्या अभावाचा हे कळेनासे होते; म्हणून शिक्षण किती झाले ते आधीच सांगावे आणि रोजच्या कामांत पडलेला फरक सांगण्यावर भर द्यावा: पूर्वी लुगडे स्वतः नेसत असे, आता निऱ्या जमत नाहीत; पूर्वी भाकरीचे पीठ अंदाजाने घेत असे, आता तीनदा चुकते. दुसरी फसगत चढउतारामुळे होते. पहाटे उठून, रेल्वेने किंवा एसटीने पुणे गाठून, तीन तास रांगेत बसून नंबर लागतो तेव्हा नेमके आबा छान बोलतात आणि दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना काहीच वेगळे दिसत नाही. यावर आजच्या काळातला सोपा उपाय मोबाइलचा आहे: शून्यात पाहत बसणे, झोपेतले ओरडणे, चालण्यातला अडखळता पाय यांची एक-दोन मिनिटांची चित्रफीत घरीच काढून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. ती केवळ उपचारासाठी असावी. नातेवाइकांच्या गटावर फिरवून रुग्णाची विटंबना होऊ देऊ नये.

आता औषधांविषयी, आणि येथे थोडे अधिक थांबणे भाग आहे. भास होतात, रात्री ओरडतात, आवरत नाहीत म्हणून वेडसरपणावर दिली जाणारी औषधे, विशेषतः हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन, अशा वेळी सर्वत्र सहज दिली जातात. लेवी बॉडीच्या रुग्णाला ती घातक ठरू शकतात. न्यूकॅसलच्या इयन मॅकिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्येच दाखवले होते की, अशी औषधे मिळालेल्या या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना तीव्र प्रतिक्रिया येते: अंग लाकडासारखे ताठ होते, गिळता येत नाही, ताप चढतो, शुद्ध हरपते आणि काही वेळा मृत्यूही ओढवतो. हॅलोपेरिडॉलइतकीच सावधगिरी रिस्पेरिडोन आणि ओलान्झापाइन यांच्याबाबत हवी. धोका मनोविकारावरच्या औषधांपुरता नाही, हे मात्र फार थोड्या घरांना ठाऊक असते. उलटीसाठी सर्रास टोचले जाणारे मेटोक्लोप्रमाइड आणि चक्कर येते म्हणून दिले जाणारे प्रोक्लोरपेराझिन ही डोपामिन अडवणाऱ्या गटातलीच औषधे आहेत. सर्दी-खाजेसाठीचे फेनिरामिन किंवा प्रोमेथाझिन, पोटदुखीसाठीचे डायसायक्लोमिन, लघवी आवरण्यासाठीचे ऑक्सिब्युटिनिन, कंपासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल, झोप किंवा वेदनेसाठीचे अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधे गोंधळ आणि भास वाढवतात. चक्करेचे उदाहरण बोलके आहे: या आजारातली चक्कर बहुधा कानामुळे नव्हे तर उभे राहताच रक्तदाब उतरल्यामुळे येते, ती थांबवायला दिलेल्या गोळीने अंग ताठ होऊन माणूस पडतो आणि मूळ कारण तसेच राहते. झोपलेल्या अवस्थेत आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजण्यास कोणताही खर्च नाही. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या चालू गोळ्यांचा फेरविचार डॉक्टरांना करता येतो.

येथेच वहीचे महत्त्व येते. रात्री अकराला रुग्ण बेभान झाला, १०८ ची गाडी आली आणि सोबत धाकटा मुलगा किंवा शेजारी गेला, तर आजाराचे नाव त्याच्या तोंडून येईलच याची खात्री नसते, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांकडेही पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ नसतो. म्हणून एका जाड पुठ्ठ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आजाराचे नाव, चालू औषधे व त्यांच्या वेळा, ‘हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रमाइड व तत्सम औषधे देऊ नयेत’ ही सूचना आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचा फोन लिहावा. हे पान त्या तज्ज्ञांकडून तपासून त्यांची सही घ्यावी, त्याचा एक फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा आणि एक छोटी प्रत रुग्णाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात असावी. गावातले डॉक्टर, औषध दुकानदार आणि आशाताई या तिघांनाही ते पान आधीच दाखवून ठेवावे. वहीच्या पुढच्या पानांवर पडणे, भास, झोप, शौच आणि नव्या औषधानंतरचा बदल तारखेनिशी नोंदवावा. मोतीबिंदू किंवा खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना ती वही दाखवल्याशिवाय रुग्णाला आत पाठवू नये.

या रुग्णांना उपयोगी पडणारी औषधेही आहेत, हे सांगितले नाही तर वरचा परिच्छेद केवळ भीती घालणारा ठरेल. युरोपातील तीन देशांत १२० रुग्णांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिवास्टिग्माइन या औषधाने भास, उदासीनता आणि अवधान यांत सुधारणा दिसली. डोनेपेझिल या त्याच गटातील औषधाला जपानने २०१४ मध्ये याच आजारासाठी मान्यता दिली. ही औषधे आजार थांबवत नाहीत, परंतु काही रुग्णांत फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो. त्यांनी मळमळ होऊ शकते आणि नाडी मंद होऊ शकते, म्हणून आधी ईसीजी काढला जातो. ताठरपणासाठी लेव्होडोपा थोड्या मात्रेपासून देतात. त्याने चालणे सुधारते पण भास वाढू शकतात, आणि यांतला समतोल साधणे हे तज्ज्ञांचे काम आहे. झोपेतल्या धडपडीसाठी मेलाटोनिन वापरले जाते. भास असह्यच झाले तर क्वेटियापिन अत्यल्प मात्रेत आणि देखरेखीखाली दिले जाते. कोणतीही गोळी संपली म्हणून एकदम बंद पडू देऊ नये. आणि एखाद्या दिवशी प्रकृती अचानक फार बिघडली तर तो आजाराचाच भाग आहे असे मानून बसू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अंगातले पाणी कमी होणे किंवा चार दिवस शौच न होणे यांनीही असा गोंधळ माजतो आणि त्यावर उपचार होऊ शकतात.

घराच्या रचनेत थोडासा बदल पुष्कळ काम करतो. अंधुक उजेडात खुंटीवरचा सदरा हा उभा माणूस होतो, गोधडीवरची नक्षी किड्यांसारखी वळवळते, आरशात परका दिसतो. म्हणून खोलीतले टांगलेले कपडे काढावेत, पांघरूण एकरंगी ठेवावे, आरसा झाकावा आणि वीज जाण्याच्या वेळा ठाऊक असतील तर बॅटरीचा दिवा आधीच लावून ठेवावा. मोतीबिंदू काढणे आणि चष्म्याचा नंबर तपासणे हाही या आजारात भासांवरचा उपचारच आहे. खाट बुटकी असावी, शेजारी गादी पसरावी, विळा-कोयता आणि कीटकनाशकांचे डबे कुलपात जावेत. विहिरीला कठडा नसेल तर तो बांधून घ्यावा. वस्तीजवळून कालवा जात असेल किंवा दौंडसारखी रेल्वेमार्गाची सोबत असेल तर रात्री दाराला घुंगरू किंवा छोटी घंटी बांधलेली बरी. झोपेतून उठताना रुग्णाने आधी कुशीवर वळावे, मग दोन मिनिटे पाय खाली सोडून बसावे आणि त्यानंतर उभे राहावे. जेवताना पाठ सरळ असावी. दुधात कुस्करलेल्या भाकरीचा काला म्हाताऱ्या माणसांना आवडतो, पण पातळ दूध आणि घट्ट तुकडे यांचे मिश्रण गिळायला अवघड असते आणि ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. तोच काला एकजीव घोटून, खिरीसारखा दाट करून भरवावा. गर्दी आणि ध्वनिक्षेपक या रुग्णांना सोसत नाहीत. तुकोबांची पालखी यवतला किंवा वरवंडला मुक्कामाला असते तेव्हा घर पाहुण्यांनी भरते; त्या दोन दिवसांत रुग्णासाठी एक शांत खोली राखून ठेवावी, मात्र त्याला दर्शनापासून तोडू नये. ज्या वेळी तो नेहमी ताळ्यावर असतो, बहुतेकदा सकाळी, त्या वेळी रस्त्याकडेला खुर्ची टाकून दिंड्या पाहू द्याव्यात. पाठ असलेले अभंग अनेकदा बोलणे अडखळू लागल्यावरही ओठांवर येतात.

हे सारे करणारे माणूस बहुधा पत्नी किंवा सून असते, आणि तिचे नाव कोणत्याही केसपेपरवर नसते. डिमेन्शियाच्या सर्व प्रकारांत काळजीवाहकाची दमछाक होते, परंतु येथे रात्रीची झोपमोड, पडण्याची भीती, भास आणि ‘तू माझी बायको नव्हेस’ हे बोल एकत्र येतात. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गावपातळीवर प्रशिक्षण दिलेल्या गृहसेवा सल्लागारांनी घरी जाऊन आजार समजावला, वागणूक हाताळण्याचे मार्ग दाखवले आणि काळजीवाहकाला बोलते केले, तेव्हा काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे आढळले. मोठे रुग्णालय किंवा महागडे यंत्र त्यासाठी लागले नाही, आणि म्हणूनच आशा कार्यकर्त्यांचे जाळे असलेल्या दौंड-शिरूरला तो प्रयोग अनुकरणीय आहे. तोपर्यंत कुटुंबाने निदान एवढे ठरवावे: आठवड्यातल्या दोन रात्री मुलाने किंवा दिराने रुग्णाजवळ झोपावे, पुण्या-मुंबईत राहणाऱ्या भावंडांनी फोनवर सल्ले देण्याऐवजी वर्षातले काही आठवडे येऊन सेवा अंगावर घ्यावी किंवा पगारी मदतनिसाचा खर्च उचलावा. मन मोकळे करायला टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हा कंपवात असलेल्यांचा आणि त्यांच्या शुभंकरांचा, म्हणजे काळजीवाहकांचा, जुना गट असून चालण्याच्या, गिळण्याच्या अडचणींबाबत तेथील अनुभव या कुटुंबांनाही उपयोगी पडतो.

पैशाच्या आणि कागदपत्रांच्या गोष्टी लवकर उरकाव्यात. साधे मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची समज गेल्यावर ते निष्प्रभ होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाते आणि वारसनोंदी या बाबी रुग्णाला समजत असतानाच, त्याच्या इच्छेने आणि शक्यतो निदान करणाऱ्या डॉक्टरांचे तशा समजुतीचे प्रमाणपत्र जोडून कराव्यात. समज नसलेल्या माणसाचा अंगठा घेऊन केलेला जमिनीचा व्यवहार हा अन्याय आहे आणि पुढे तो भावकीच्या दाव्याचे कारणही होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील यादीत कंपवाताचा समावेश आहे, डिमेन्शियाचे वेगळे नाव नाही. म्हणून प्रमाणपत्रासाठी जाताना कंपवाताची लक्षणे केसपेपरवर नोंदवून घ्यावीत. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळतात, रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात येत नाही. एसटीचा प्रवास पंचाहत्तरीनंतर मोफत आहे.

संशोधनाच्या आघाडीवर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार भारतातील साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे डिमेन्शियाने ग्रस्त आहेत आणि प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. शिरूर तालुक्याला या बाबतीत एक वेगळा वारसा आहे. डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाने वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. तेथे २००२ पासून आसपासच्या २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची सलग नोंद ठेवली जात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आशिया-आफ्रिकेतील आठ ठिकाणी पन्नाशीपुढच्या लोकांच्या स्वास्थ्याचा जो अभ्यास झाला त्यात वढू हे भारतातील ठिकाण होते. झोपेत ओरडणे, भास, उभे राहताच येणारी भोवळ असे चार-पाच प्रश्न अशा नोंदींत घातले गेले तर खेड्यांत हा आजार किती आहे याचे उत्तर याच मातीतून मिळू शकेल. जगात इतरत्र मणक्यातील द्रवात किंवा त्वचेच्या छोट्या तुकड्यात अल्फा-सिन्युक्लिइन शोधण्याच्या चाचण्या अलीकडे पुढे आल्या आहेत; त्या अजून गावच्या दवाखान्यापर्यंत पोहोचायच्या आहेत. त्वचेतून किंवा रक्तातून नव्या उपचाराने आजार मुळापासून घालवतो असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

शेवटच्या टप्प्यात रुग्ण अंथरुणाला खिळतो, बोलणे थांबते, गिळणे अवघड होते. नाकातून नळी घालायची का, अतिदक्षता विभागात न्यायचे का, शेवटचे दिवस घरात काढायचे का, हे प्रश्न तेव्हा घाईने आणि अश्रूंसोबत समोर येतात, आणि ज्याच्याविषयी ते आहेत तो काही सांगू शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माणसाला आपल्या वतीने मानसिक आरोग्याच्या उपचारांत निर्णय घेण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे, तो वापरावा. त्याहून आधी, चढउताराच्या या आजारात जे चांगले तास मिळतात त्यांपैकी एखाद्या सकाळी, ओसरीवर, घाई नसताना, रुग्णालाच विचारावे की पुढे गिळता आले नाही तर काय करावे, कोणी जवळ असावे, कोठे असावे. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख आणि जवळ बसलेल्यांची नावे घालून, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे.